काशीच्या जुन्या गल्ल्या, गुडघेदुखी आणि पंचगंगा घाट : मदत हवी आहे

भुसावळहून महानगरी एक्स्प्रेसने कार्तिकात आबा-माईंना काशीला न्यायचंय. माईंचे गुडघे फार दुखतात. गर्दीच्या वेळी गोदौलिया चौकापुढे गाडी सोडत नाहीत, तिथून दशाश्वमेध पायी, तेवढं जमेल. खरी अडचण पंचगंगा घाटाची. पायऱ्या उभ्या, उंच, पाण्यालगत शेवाळाने निसरड्या. नावेने गेलं तरी दर्शनाला वर चढावंच लागतं. कालभैरवाकडून गल्लीने वरच्या बाजूला येऊन आकाशदीप (कार्तिकात घाटावर उंच बांबूंना टांगतात ते दिवे) नीट दिसतील का? दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडे जुनी मराठी वस्ती आहे. तिथे तळमजल्यावर, कमोड असलेली खोली मिळेल का? विश्वनाथाला मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून चुकामूक झाली तर दोघांच्या खिशात मुक्कामाच्या पत्त्याची हिंदीतली चिठ्ठी असेल. ललिता घाटाकडून आत जाताना पायऱ्या टाळता येतात का? नुकतंच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.