शाब्लीची 2021 ची शार्डोने एवढी आंबट का? मदत हवी आहे

मंडळी, सध्या फ्रान्समध्ये ल्योंला असतो. गाव निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. वाइनमधलं फार कळत नाही, द्राक्षातलं थोडं कळतं, आणि घोळ तिथेच झालाय.

एकाच उत्पादकाच्या शाब्ली (फ्रान्सच्या शाब्ली भागातली पांढरी वाइन) घेतल्या, 2018 आणि 2021 च्या हंगामातल्या. दोन्ही निव्वळ शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाच्या. 2018 ची कशी भरलेली, पिकल्या पेअरसारखी. 2021 ची घेतली तर कैरी खाल्ल्यासारखे दात आंबले.

2021 चा एप्रिल तिथे वाईट गेला हे माहीत आहे. मार्चअखेर ऊन तापलं, शार्डोनेचे डोळे (काडीवरचे कोंब) तसेही लवकर फुटतात, आणि कोवळी फूट बाहेर आल्यावर पारा शून्याखाली. बागेत रात्रभर मेणाचे डबे पेटवले तरी बरीच फूट जळाली. (आपल्याकडे पहाटे शेकोट्या करतात, तसंच. फक्त आपला पारा सहसा शून्याखाली जात नाही.)

पण मग घड कमी झाल्यावर उरलेल्यांत साखर जास्त उतरायला हवी ना? बाबा फोनवर म्हणाले, "आपण विरळणी करून घड कमी कशाला करतो मग?" उलट 2018 ला शाब्लीत माल भरपूर होता, तरी तीच चांगली!

2021 ची अजून एक बाटली आहे. ठेवली तर मऊ होईल का? बाबा मे महिन्यात येणार आहेत.

प्रतिसाद 1
बाबांचं गणित ऊन हमखास मिळतं तिथलं. मुख्य डोळा जळाला की बाजूचा फुटतो, तो उशिरा, म्हणून पिकणंही मागे. त्यात 2021 चा उन्हाळा थंड आणि ओला, केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) पसरला. मण्यातलं मॅलिक आम्ल, हिरव्या सफरचंदात असतं ते, उष्णतेत खर्च होतं. थंडीत तसंच राहतं. पुढे जिवाणू त्याचं सौम्य लॅक्टिक करतात खरे, पण मुळात ढीगभर असेल तर धार राहतेच. 2018 चा उन्हाळा कोरडा आणि कडक, त्यामुळे भरपूर माल असूनही पिकला.

लेबलवर नुसतं शाब्ली आहे की प्रमिए क्रू (वरच्या दर्जाच्या मळ्यांची)? नुसतं असेल तर फार ठेवू नका. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटांनी ओता, गारेगार असली की आंबटपणा जास्त बोचतो. सोबत तळलेले मासे.

धागाकर्ता
नुसतं शाब्ली. मे महिन्यातच उघडतो. बाबांना बाजूच्या डोळ्याचं सांगितलं, तर म्हणे, "त्यात निम्मे घड जिरतातच, म्हणजे धरतच नाहीत. हे आधी सांगायचं ना!"