मदत हवी आहे : रेडिओ कंट्रोल गाडीच्या स्पर गिअरचे दात वारंवार झिजतात

टेकडीवरची_धूळ : माझ्या १/१० स्केलच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा स्पर (मोटरची ताकद पुढे चाकांकडे नेणारा मोठा गिअर) पुण्याच्या तळजाई टेकडीवर थोडा वेळ पळवताच दात गमावून बसतो आणि नवा बसवला तरी तेच होते. रविवारी गाडी हवी आहे, त्यामुळे नेमका उपाय सांगावा. सर्व उघडून साफ करून झाले आहे.

कोथरूडचे_काका : मोटर कोणती, दात किती, स्लिपर क्लच (जोराचा धक्का बसला की घसरून गिअर वाचवणारा भाग) आहे का, हे न सांगता उपाय कसा सुचवणार? तूर्तास मोटरचे स्क्रू सैल करून पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरा, दोन्ही गिअर एकमेकांवर दाबून स्क्रू आवळा आणि पट्टी काढून घ्या. उरलेली फट स्पर पूर्ण फिरवून तपासा, कारण प्लॅस्टिकचा गिअर पुष्कळदा पुरता गोल नसतो.

लोखंडी_दात : कागदाचे खेळ कशाला? स्टीलचा स्पर बसवावा, माझा उत्तम टिकला आहे.

कोथरूडचे_काका : म्हणजे धक्का डिफरन्शियलने (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाने) सोसायचा! स्वस्तातला स्पर आधी तुटलेला परवडतो.

निळा_आकाश : लायपो बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवू नये, दर सेलला सुमारे ३.८ व्होल्ट असावेत.

टेकडीवरची_धूळ : बॅटरीबद्दल मी विचारलेले नाही. मोटर ब्रशलेस आहे, स्लिपर नाही, स्पर ६१ दातांचा आहे आणि पिनियन नुकताच घेतलेला, ४८ पिचचा (व्यासाच्या दर इंचाला ४८ दात) आहे. पट्टी लावूनही करकर आवाज येतोच.

व्हर्नियरवाला : स्परही ४८ पिचचाच आहे का? २५.४ ला पिचने भागले की मॉड्यूल (दाताच्या आकाराचे मिलिमीटरमधले माप) मिळते, म्हणजे ४८ पिचचे सुमारे ०.५३, परंतु काही जपानी गाड्यांत ०.६ मॉड्यूलचे गिअर असतात आणि नुसत्या नजरेला हा फरक सहज कळत नाही. दातांच्या संख्येत दोन मिळवून मॉड्यूलने गुणले की गिअरचा बाहेरचा व्यास येतो. आपला स्पर ०.६ चा असेल तर ३७.८ मिलिमीटर भरेल, ४८ पिचचा असेल तर सुमारे ३३.३.

टेकडीवरची_धूळ : ३७.७ भरला, म्हणजे स्पर ०.६ चा आणि पिनियन ४८ पिचचा, दात जुळतच नव्हते. ०.६ चा पिनियन रविवारच्या आत पुण्यात कोठे मिळेल?

लोखंडी_दात : स्टीलचाच घ्यावा.

कोथरूडचे_काका : पिनियनपुरते यांचे म्हणणे मान्य आहे. मात्र ग्रब स्क्रू (पिनियनला शाफ्टवर पक्का धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळावा आणि त्याला निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावावा.