एफएचएल-२ बिनकामाचं नाही
काहींचं म्हणणं असतं की एफएचएल-२ हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन काढलेल्या उंदरांचंही हृदय नीट वाढतं, म्हणजे हे प्रथिन बिनकामाचं. पहिलं खरं, निष्कर्ष मात्र पटत नाही. त्याच उंदरांना आयसोप्रोटेरेनॉल (अ‍ॅड्रेनॅलिनसारखं हृदयाला जोरात पळवणारं औषध) द्या, हृदय साध्या उंदरांपेक्षा जास्त जाड होतं. म्हणजे एफएचएल-२ हा हृदयाच्या जाड होण्यावरचा ब्रेक आहे; आणि ब्रेक आहे की नाही हे उतारावरच कळणार ना!

आणि हा ब्रेक लागतो कसा, ते फार सुंदर आहे. जस्ताच्या अणूंनी बांधलेल्या साडेचार घड्यांनी (अर्धी घडी खरंच आहे!) एफएचएल-२ दुसऱ्या प्रथिनांना धरतं. सक्रिय झालेल्या ईआरके-२ला (वाढीचा संदेश नेणारं प्रथिन) पकडून पेशीच्या केंद्रकात साचू देत नाही, त्यामुळे वाढीची जनुकं चेकाळत नाहीत. कॅल्सिन्यूरिन या वाढीला चालना देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनालाही आवरतं. शिवाय ते टायटिन या स्नायूतल्या लवचिक, अवाढव्य प्रथिनाच्या स्प्रिंगसारख्या भागावर बसलेलं असतं, म्हणजे स्नायू ताणला जातो नेमकं तिथेच.