मदत हवी आहे: लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी पहिली रायफल आणि कॅलिबर

१० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२ प्रोन (पालथं झोपून) व्यवस्थित जमतं. आता लांब पल्ल्याकडे वळायचं आहे. ३०० मीटरची रेंज नेहमी मिळते, ६०० मीटर अधूनमधून, १००० क्वचित. फक्त कागदी आणि पोलादी टार्गेट, शिकार नाही. काडतुसं स्वतः भरत नाही, तयारच घेणार. .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम यांत मन अडकलंय. बजेट एका रायफलचं आणि एका स्कोपचं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी तुमच्या परवान्यात आणि रेंजच्या नियमांत कोणती कॅलिबर बसतात ते पाहून घ्या. बऱ्याच रेंजवर मॅग्नम चालत नाही.

चालत असलं तरी .३०० मॅग्नम या यादीतून काढाच. धक्का इतका असतो की वीसेक गोळ्यांनंतर चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो, आणि एकदा लागलेली ती सवय सोडवायला फार वेळ जातो. नळी लवकर तापते, लवकर झिजते. १००० मीटरपर्यंत एवढ्या दारूची गरजही नाही.

राहिली दोन. १४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) ६.५ क्रीडमूर साधारण ८२५ मीटर प्रति सेकंदाने निघते, १७५ ग्रेनची .३०८ साधारण ७९० ने. हा फरक किरकोळ वाटतो, पण ६.५ ची गोळी बारीक आणि लांब असल्याने हवेत वेग टिकवते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा १००० मीटरवर तिला सुमारे सव्वादोन ते अडीच मीटर ढकलतो; .३०८ ला सव्वातीनच्या आसपास. गोळी किती खाली पडणार याचं गणित आधीच करता येतं. वारा मात्र दर गोळीला नव्याने ओळखावा लागतो, आणि त्या अंदाजातली चूक ६.५ मध्ये कमी महागात पडते. धक्काही .३०८ पेक्षा स्पष्ट कमी, त्यामुळे गोळी कुठे लागली ते स्कोपमधूनच दिसतं. नवशिक्याला याहून मोठी शिकवणी नाही.

६.५ ची उणी बाजू म्हणजे नळीचं आयुष्य. दोन ते तीन हजार गोळ्यांनंतर स्पर्धेची अचूकता उतरू लागते, .३०८ ची नळी पाच हजारांपर्यंत सहज जाते. तरी माझं मत ६.५ लाच. बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची), जाड नळी, लांबी २४ ते २६ इंच, नळीतल्या आट्यांचा पीळ आठ इंचाला एक फेरा. स्कोपसकट वजन सहा किलोच्या आसपास असू द्या. हलकी रायफल बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) उडी मारते.

प्रतिसाद २

६.५ बद्दल सहमत, पण नेहमीची रेंज ३०० मीटरची असेल तर एक वेगळा विचार करा. .२२ ची चांगली बोल्ट अ‍ॅक्शन आहे का तुमच्याकडे? तिच्यावर मिल रेटिकलचा स्कोप (आतल्या नेमाच्या रेघा मिलमध्ये; एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) बसवा आणि २०० मीटरवर मारा. ५० मीटरला झीरो केलेली (नेमावरच लागेल अशी जुळवलेली) सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू, मॅच गोळी २०० मीटरला साडेसात-आठ मिल वर मागते, आणि झुळूक आली तरी कागदावर सरकलेली दिसते. टरेट (स्कोपवरची नेम वर-खाली करायची घुंडी) फिरवणं, वारा धरणं, नोंदी ठेवणं, सगळं यात येतं, तेही खूप कमी खर्चात. मोठी रायफल घेतली आणि काडतुसांअभावी ती कपाटात राहिली, असं होऊ देऊ नका.

स्कोपवर रायफलच्या बरोबरीने खर्च करायची तयारी ठेवा. रेटिकल आणि टरेट दोन्ही मिलमध्ये हवेत, रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये (झूम बदलला तरी मिलचं माप तेच राहतं), आणि पॅरलॅक्सची (डोळा हलला की नेम सरकलेला दिसतो तो दोष घालवायची) वेगळी घुंडी. ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे डोक्यात गणित पटकन होतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एक वापरलेली .३०८ मिळते आहे, पीळ बारा इंचाला एक. घ्यावी का? आणि स्कोप बसवताना काय चुकतं?

प्रतिसाद १

बाराचा पीळ १६८ आणि १७५ ग्रेनला पुरतो, २०० ग्रेनच्या लांब गोळ्या घ्यायच्या तर दहाचा लागतो. मात्र १६८ ग्रेनची नेहमीची मॅच गोळी १००० मीटरसाठी धरू नका. वेग ध्वनीच्या जवळ उतरला की ती डगमगते. ६०० पर्यंत ती उत्तम.

नळी बोअरस्कोपने (आतून बघायच्या बारीक दुर्बिणीने) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चेंबर संपून आटे सुरू होतात तिथे भेगाळलेल्या जमिनीसारखी जाळी असते. थोडी असणारच, ती पुढे काही इंच पसरली असेल आणि आट्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर किमतीत नव्या नळीचा खर्च धरा. तोंडाच्या कडेवर टवका आहे का तेही पाहा.

प्रतिसाद २

स्कोपमध्ये हमखास चुकतं ते रेटिकलचं तिरपेपण. रिंगचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळले की स्कोप वळतो. चारही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळा. टॉर्क रेंच वापराच. रिंगच्या वरच्या स्क्रूंना बहुधा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, पण उत्पादकाने दिलेला आकडा पाळा. स्कोपच्या पायाची रेल २० एमओएची (एमओए हे कोनाचं माप; रेल तेवढी पुढे उतरती) घ्या, वर जायला जवळपास सहा मिल जास्त मिळतात.

मग १०० मीटरवर उंच कागद लावा आणि ओळंब्याने त्यावर उभी रेघ मारा. रेघेच्या खालच्या टोकाला झीरो तपासून टरेट १० मिल वर फिरवा आणि नेम त्याच खालच्या टोकावर ठेवून पाच गोळ्या मारा. गट (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) बरोबर एक मीटर वर, रेघेवरच यायला हवा. साडेतीन सेंटिमीटर बाजूला गेला तर रेटिकल दोन अंश तिरपं आहे. १००० मीटरवर हीच चूक पस्तीस सेंटिमीटरची होते आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो. गट रेघेवर असून उंची कमी-जास्त आली, तर टरेटचा क्लिक खोटा आहे. स्कोप परत करा.

रायफलचा गट किती आटोपशीर आहे ते तपासताना तीन गोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दहा मारा. काडतुसं एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) घ्या, लॉट बदलला की झीरो पुन्हा तपासा.