‘एम’ म्हणजे नेमके किती इंच?
तयार कपडे नीट बसत नाहीत अशी तक्रार केली की ‘वजन वाढले की माप चुकणारच’ असे ऐकवले जाते; हे मत मला पटत नाही. ठाण्यात राम मारुती रोडवरच्या एका दुकानात एकाच कंपनीच्या दोन ‘एम’ म्हणजे मध्यम मापाच्या कुर्त्या मी टेपने मोजल्या, तेव्हा छातीत चांगला दोन इंचांचा फरक निघाला. एक काखेत काचत होती, तर दुसरी खांद्यावरून उतरत होती. यात अंगाचा काय दोष? अनेक ब्रँड मापांच्या परदेशी तक्त्यांत आपापल्या सोयीने फेरफार करतात, शिवाय कापडाचे थर एकदम कापताना थोडा फरक पडतोच. खारघरलाही केंद्र असलेल्या ‘निफ्ट’ या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे स्कॅनरने घेण्याचा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला, तो भारतीय बांध्याचा तक्ता ठरवण्यासाठीच. असा तक्ता सर्रास वापरात येईपर्यंत निदान तयार कपड्याची छाती, कंबर व उंची इंचांत लेबलावर छापणे सक्तीचे करावे, ही माझी आग्रहाची मागणी आहे.