सल्ला हवा: सहावं सेमिस्टर युरोपात, ड्रेस्डेन, व्रोत्स्वाफ की लियाँ?

खडकवासला
नमस्कार मंडळी. मी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचे बाहेरच्या काही युनिव्हर्सिटींशी करार आहेत, त्यातून सहावं सेमिस्टर युरोपात करता येतं. फी इथलीच भरायची, तिथली माफ. राहणं, खाणं, विमान, व्हिसा, इन्शुरन्स आपलं आपण बघायचं. माझ्यापुढे तीन शहरं आहेत: जर्मनीत ड्रेस्डेन, पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ आणि फ्रान्समध्ये लियाँ. तिन्हीकडे इंग्रजीतले कोर्स आहेत. बजेट सगळं धरून 6 लाख, त्याच्या वर घरून काही मिळणार नाही आणि कर्ज काढायचं नाहीये. मी शाकाहारी, अंडं चालतं. शाळेत आठवी ते दहावी फ्रेंच होतं, बरंचसं विसरले. ऑगस्टपासून कॅम्पस प्लेसमेंट सुरू होतात म्हणून जुलै संपायच्या आत परत यायलाच हवं. पंधरा दिवसांत पसंतीक्रम द्यायचाय. जे राहून आलेत त्यांनी प्लीज सांगा.

राईनवासी
जर्मनी. दुसरा विचारच करू नकोस. मी इथे मास्टर्स करून नोकरीला लागलो, आता स्वतःचं घर आहे, सगळं या देशाने दिलं. मेन्सामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये, स्वस्त जेवण मिळतं, शाकाहारी तर हमखास असतंच. डॉइचलँड तिकीट काढलंस की देशभरातल्या लोकल ट्रेन, बस, ट्राम सगळ्यात फिर, 2023 ला 49 युरोला सुरू झालं होतं, आता महाग झालंय तरी परवडतं. ड्रेस्डेनहून प्राग ट्रेनने अडीच तासांच्या आत. आणि खरं सांगू का, एका सेमिस्टरने काही होत नाही, पूर्ण मास्टर्सलाच ये. फक्त डिग्रीला येणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याची तयारी आत्तापासून कर.

सदाशिवपेठी
माझा मुलगा म्युनिकला आहे. आधी हॅनोवरला होता, तिथेही चांगलं होतं. जर्मनीच योग्य. पण 6 लाख फार कमी आहेत, आम्ही 10-12 धरूनच चाललो होतो आणि तेवढे लागलेच. वडिलांशी बोला, शिक्षणाच्या पैशात काटकसर करू नये. नवा फोन, चांगलं जॅकेट, लॅपटॉप हे सगळं इथूनच घेऊन जा.

खडकवासला
काका, बजेट खरंच 6 च आहे. त्याच्यात बसतं का एवढंच बघायचंय.

रंकाळा
पोलंड! व्रोत्स्वाफ! मी तिथे सेमिस्टर केलंय, होस्टेल युनिव्हर्सिटीचंच होतं, खर्च जर्मनीत असलेल्या माझ्या मित्राच्या निम्म्यात भागला. शहर ओडर नदीवर, शंभरच्या वर पूल आहेत, गल्लीबोळात ब्राँझचे छोटे बुटके उभे केलेत ते शोधत फिरायचं. 1945 पर्यंत हे जर्मन ब्रेस्लाउ होतं. तू केमिकलची आहेस म्हणून सांगतो, अमोनिया बनवायची पद्धत शोधणारा फ्रिट्झ हाबर याच गावात 1868 ला जन्मला. आणि कोल्हापूरच्या माणसाने पोलंडला जाणं म्हणजे नातेवाइकांकडे जाणं आहे, दुसऱ्या महायुद्धात 5 हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित आमच्या वळिवड्यात राहिले होते. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, पंतप्रधान 2024 मध्ये तिथे जाऊन आले. कोल्हापूरचा म्हटल्यावर एका आजींनी मला घरी जेवायला नेलं होतं, त्यांची मावशी वळिवड्यात वाढलेली.

राईनवासी
संबंधच बघायचा तर जर्मनीचा कमी आहे का? खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घालवलेले सोन्थायमर हायडलबर्गलाच शिकवायचे. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून जोडशहरं आहेत.

रंकाळा
हायडलबर्ग तिच्या यादीत आहे का पण? स्टुटगार्ट आहे का? वळिवड्याला लोक राहिले होते, संसार केले, शाळा काढल्या, त्याची बरोबरी पुस्तकाशी नको.

कोकणकन्या
कुकर इंडक्शन बेसचा ने. साधा ॲल्युमिनियमचा नेलास आणि होस्टेलच्या किचनमध्ये इंडक्शन निघालं तर तो तापणारच नाही. माझ्या रूममेटचा पाच महिने कपाटात पडून होता.

सदाशिवपेठी
कुकर तिथे मिळतो, वजन कशाला वाहायचं. त्यापेक्षा साजूक तूप आणि मेतकूट न्या.

कोकणकन्या
काका, तूप नेऊ नका सांगू. बाहेरच्या देशांतून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तूप, पेढे, पनीर सगळं त्यात येतं. मेतकूट, मसाले, डाळी चालतात. आणि भारतीय दुकानात मिळणारा कुकर इथल्या दुप्पट किमतीला असतो, म्हणून न्यायचा.

सदाशिवपेठी
आम्ही दर वेळी तूप नेतो. आजवर कोणी अडवलं नाही.

आकाशकंदील
अरे कुकर काय, मुलीने जुलै लिहिलंय ते कोणी वाचलं का? मी एका कॉलेजात एक्स्चेंजचं काम बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. जर्मनीचं समर सेमिस्टर कागदावर एप्रिल ते सप्टेंबर, वर्ग एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर, बऱ्याच विषयांच्या थेट ऑगस्टमध्ये. म्हणजे तुझं पाचवं सेमिस्टर डिसेंबरला संपल्यावर एप्रिलपर्यंत रिकामी बसणार आणि शेवटी प्लेसमेंटच्या वेळी तू तिकडे पेपर देत असणार. पोलंडचं दुसरं सेमिस्टर फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं, परीक्षा जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत. फ्रान्सचं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन मे-जूनमध्ये आटपतं. ड्रेस्डेन घ्यायचंच असेल तर तिथल्या प्राध्यापकांना आधी मेल करून विषयवार परीक्षेची तारीख विचार, तोंडी परीक्षा लवकर घेतात का तेही विचार.

आता पैसे. जर्मन व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, लागतं, महिन्याला 992 युरो, पाच महिन्यांचे 4960. युरो 100 रुपयांना धरला तरी 5 लाखांच्या जवळ, तेही आधी एकरकमी. पैसे तुझेच असतात, दरमहा परत मिळतात, पण निघायच्या आधी तेवढे हातात हवेत. वर तिथला विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला 140 युरोच्या पुढे, विमान वेगळं. फ्रान्सला व्हिसासाठी महिन्याला 615 युरो दाखवायचे असतात, पाच महिन्यांचे 3 लाखांच्या थोडे वर. पोलंडमध्ये राहणं-खाणं दोन्हीपेक्षा स्वस्त पडतं.

राईनवासी
ऑगस्टची परीक्षा सोडून येता येते की. एवढं कॅलेंडर बघत बसलं तर कोणी कुठे जाणारच नाही. जानेवारी ते मार्च मॅक्समुलर भवनला जर्मन शिकायचं, वेळ वाया कुठे जातो?

आकाशकंदील
परीक्षा सोडली की क्रेडिट गेले. पाच लाख घालून क्रेडिट नसलेलं सेमिस्टर कोणत्याही मुलीला मी सांगणार नाही.

भीमथडी
ॲम्स्टरडॅमचं बघितलंस का? मी तिथे आहे, शहर अप्रतिम, सगळे इंग्रजी बोलतात, सायकल घेतली की झालं. फक्त खोली मिळत नाही. युनिव्हर्सिटी स्वतःच सांगते की राहायची सोय नसेल तर येऊ नका. माझ्या ज्युनिअरने ऑनलाइन फोटो बघून एका घरमालकाला दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवलं, तो म्हणे मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो. चावी आली नाही, त्या पत्त्यावर भलतेच लोक राहत होते. कुठल्याही शहरात जा पण करार हातात आल्याशिवाय आणि कोणीतरी खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक युरो पाठवू नकोस. युनिव्हर्सिटीचं होस्टेल पहिल्या दिवशी मागायचं.

रंकाळा
म्हणूनच व्रोत्स्वाफ म्हणतोय, होस्टेल मिळतं.

गावठी गुलाब
लियाँबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी 2023 ला तिथे होते. फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांची होस्टेलं आणि कॅन्टीन क्रूस नावाची सरकारी यंत्रणा चालवते, तेव्हा पूर्ण जेवण 3.30 युरोला मिळायचं. शाकाहारी पर्याय असायचा पण रोज तेच तेच, पास्ता, मसूर, ग्रातँ (वर चीज घालून भाजलेल्या भाज्या), त्यामुळे रात्री घरी वरणभात लावायचे. आता कुकरचं महत्त्व कळलं असेल सगळ्यांना. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात नोंदणी फुकट होते. सीव्हीईसी नावाची एक फी असते, ती एक्स्चेंजवाल्यांना भरावी लागत नाही. तेव्हा काफ या सरकारी मदत देणाऱ्या संस्थेकडून भाड्यातले काही पैसे परत मिळायचे, मात्र युरोपबाहेरच्यांना ते बंद करायचा प्रस्ताव 2026 च्या बजेटमध्ये आला, तेव्हा ती रक्कम हिशोबात अजिबात धरू नकोस.

अडचणीही सांगते. बँक, होस्टेलचं ऑफिस, डॉक्टर सगळीकडे फ्रेंच. वर्गात इंग्रजी असलं तरी ग्रुप प्रोजेक्टला बाकीची मुलं फ्रेंचमध्येच सुरू होतात, सारखं थांबवावं लागतं. व्हिसाच्या आधी कॅम्पस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेची प्रक्रिया करावी लागते, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मार्क. तिथे 20 पैकी गुण देतात, 10 ला पास, 14 म्हणजे वर्गात चांगलीच मुलगी, 18 क्वचित कुणाला. आमच्या कॉलेजने सरळ पाचाने गुणून 14 चे 70 टक्के केले आणि माझा सीजीपीए खाली आला. जायच्या आधी गुण कसे बदलणार ते विभागप्रमुखांकडून लेखी घे.

आकाशकंदील
अगदी बरोबर, हे जर्मनीतही होतं, तिथे 1.0 सर्वांत उत्तम आणि 4.0 ला पास, उलटी मोजणी. लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कोणते विषय घेणार त्या करारावर, तू, आपलं कॉलेज आणि तिथली युनिव्हर्सिटी अशा तिन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय तिकीट काढू नकोस. पूर्ण सेमिस्टरचे 30 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) होतात, कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या बदल्यात धरणार ते त्यात नावानिशी हवं. आणि इरास्मस या युरोपियन युनियनच्या एक्स्चेंज योजनेची स्कॉलरशिप कॉलेजच्या करारात आहे का ते विचार. असेल तर देशानुसार महिन्याला 800 ते 900 युरो आणि प्रवासखर्चही मिळतो, मग तुझ्या 6 लाखांचं चित्रच बदलेल.

सदाशिवपेठी
स्कॉलरशिपच्या मागे लागून लोक चांगलं शहर सोडतात. मुलगा म्हणतोय ड्रेस्डेन स्वस्त आहे म्युनिकपेक्षा.

मांडवीकाठ
मी गोव्याची, पोर्तुगालमध्ये कोईंब्राला शिकलेय. 1290 ला स्थापन झालेली युनिव्हर्सिटी, जुनी लायब्ररी बघून जीव हरखतो. समुद्र जवळ, हवामान आपल्यासारखं, माणसं प्रेमळ. तुमच्या कॉलेजचा करार नसेल तर करून घ्यायला सांगा ना.

खडकवासला
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस घरी बसून, सरांना भेटून ठरवलं. पहिली पसंती लियाँ दिली, दुसरी व्रोत्स्वाफ, ड्रेस्डेन दिलंच नाही.

इथे जास्त मतं जर्मनीला, त्याखालोखाल पोलंडला होती आणि पैशाचा विचार केला तर रंकाळा म्हणतात तेच बरोबर आहे, माझे दीड लाख तरी वाचले असते. पण मला रिॲक्टर आणि प्रोसेस सेफ्टी या दोनच विषयांत पुढे काम करायचंय. लियाँच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठाने सगळी केमिकल व्हॅली आहे, सँ-फाँपासून खाली रिफायनरी, पॉलिमर, गॅसचे प्लांट एकाला एक लागून, आणि तिथल्या कोर्समध्ये प्लांट व्हिजिट आहेत. प्रोसेस सेफ्टीचा कोर्स तिन्हींपैकी फक्त तिथेच इंग्रजीत आहे. व्रोत्स्वाफला माझ्या यादीतले दोनच विषय जुळत होते, बाकी मला इथे येऊन जादा द्यावे लागले असते. आकाशकंदील ताई, स्कॉलरशिप आमच्या करारात नाही, विचारलं. गुणांचं विभागप्रमुखांनी मेलवर लिहून दिलंय, वर्गातल्या क्रमावरून बदलणार. खर्च 5 लाख 40 पर्यंत जातोय, भाड्याची मदत शून्य धरून. आजपासून फ्रेंचचा क्लास लावलाय.

राईनवासी
फ्रेंच शिकून पुढे उपयोग काय? असो, मास्टर्सला जर्मनीचा विचार कर, लुडविग्सहाफेनला बीएएसएफ ही केमिकल कंपनी आहे, केमिकलसाठी त्याच्या तोडीचं काही नाही.

रंकाळा
दुसरी पसंती दिलीस त्यात समाधान आहे. ईस्टरच्या सुट्टीत पोलंडला येऊन जा, फ्रान्सच्या लाँग स्टे व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं.

गावठी गुलाब
मस्त! क्रूसच्या खोलीसाठी तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला नॉमिनेशन झाल्या झाल्या, म्हणजे कॉलेजने तुझं नाव कळवलं की लगेच, मेल टाक, एक्स्चेंजवाल्यांसाठी राखीव खोल्या असतात त्या लवकर संपतात. विमान पॅरिसचं काढ, चार्ल्स द गॉल विमानतळाच्या खालीच टीजीव्ही या वेगवान ट्रेनचं स्टेशन आहे, दोन तासांत लियाँ. ट्रेनचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त, पण विमान उतरल्यावर तीन तास तरी मध्ये ठेव.

कोकणकन्या
आणि कुकर. तीन लिटरचा पुरतो.