साऊंडची वायर घरी बनवावी का?

खंजिरीवाला (तिवसा तालुका)
सरळ मांडतो. गावात भजनी मंडळाचा किंवा सप्ताहाचा साऊंड सांभाळणाऱ्याने मिक्सरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची वायर स्वतः बनवायला शिकलंच पाहिजे. गेल्या कार्तिकात काकड्याच्या वेळी आमची तयार वायर पिनेजवळ आतून तुटली. पिनेवर प्लास्टिक ओतलेलं, उघडायला जागाच नाही. डावा स्पीकर मुका, आणि पिन मिळणार ती अमरावतीला. तेव्हापासून मी दोन कोरची (आत दोन वेगळ्या तारा) शिल्डवाली (त्यांवर तारेच्या जाळीचं वेष्टण) माइक वायर आणतो, स्क्रूने उघडणाऱ्या धातूच्या आरसीए पिना (डीव्हीडी प्लेअरला लागतात तशा गोल) आणतो आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर घरीच जोडतो. आवाज जास्त गोड होतो असा माझा दावा नाही. पाहिजे तेवढ्याच लांबीची वायर होते, आणि तुटली तर दहा मिनिटांत पुन्हा उभी राहते.

मंडपसाऊंड
भाऊ, मले नाही पटलं. मी बारा वर्सांपासून लगनात साऊंड लावतो. हातच्या वायरीनं जेवढा घाम फोडला तेवढा तयार वायरीनं नाही फोडला. मंगलाष्टकं चालू, अन् वायरीले कोनाचा पाय लागला का खर्र खर्र. उघडून पायलं तर डाख कच्चा. तुमी मन लावून दोन वायरी बनवता, मले चाळीस लागतात. पंचविसाव्या वायरीले हात थकते. त्यापेक्षा दोन तयार वायरी पिशवीत ठेवा, एक गेली का दुसरी लावा.

खंजिरीवाला
कच्चा डाख हा हाताचा दोष, पद्धतीचा नाही. ६०/४० चं (६० भाग कथील, ४० भाग शिसं) सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतं, पण पूर्ण पातळ व्हायला १९० च्या आसपास जावं लागतं. थंड होताना त्या मधल्या लगदा अवस्थेत तार हलली की सांधा राखाडी, दाणेदार होतो. ६३/३७ घ्या, ते १८३ लाच वितळतं आणि १८३ लाच गोठतं. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट तर अजिबात नको, राळेचीच हवी. आम्ल तारेला आतून खात राहतं. चाळीस वायरींचं मान्य. मी मंडळापुरतं बोलतोय.

आयटीआयमास्तर
दोघंही सांध्यावर अडलात. लांबीचं काय? शिल्डवाल्या वायरीत मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरा. मंदिरातून पारापर्यंत १५ मीटर ओढली तर १५०० झाले. मिक्सरच्या आउटपुटचा रोध १ किलोओहम असेल तर तोड (जिथून वरचे सूर घटत जातात ती जागा) १०६ किलोहर्ट्झला, म्हणजे कानाच्या पलीकडे. पण मधे नुसता व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचं बटण) लावून सोर्सचा, म्हणजे सिग्नल देणाऱ्या बाजूचा, रोध १० किलोओहम झाला, की तीच तोड १०.६ किलोहर्ट्झवर उतरते. खंजिरीच्या झांजांची चमक गेली म्हणून लोक वायरीचा ब्रँड बदलतात! लांब अंतराला आरसीए नकोच. बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांची, सिग्नल सुलट-उलट अशा दोन तारांवर नेणारी) ओढा: १ नंबरच्या पिनेला शिल्ड, २ ला हॉट (सुलट), ३ ला कोल्ड (उलट). घरी बनवा की विकत घ्या, हा प्रश्न त्यानंतरचा.

शुद्धसूर
घरी बनवायचीच तर चांदीची तार वापरा. मी ऐकलंय, सतार उघडून येते.

आयटीआयमास्तर
चांदी तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्के चांगली वाहक आहे, बस. ०.२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा मीटरला रोध जेमतेम ०.०९ ओहम. समोर अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट १० हजार ओहमचा. ते ६ टक्के कुठे ऐकू येणार? तेवढ्या पैशात मंडळाला एक माइक येईल.

वावरातलारेडिओ
आमच्याकडे घुं आवाज वायरीनं नाही, प्लगची अर्थची पिन काढली तेव्हा गेला. सोपा उपाय आहे.

खंजिरीवाला
दादा, हे कृपा करून करू नका. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फेज बॉडीला लागला तर माइकची जाळी ओठाला लावणारा गायक त्या वाटेत येतो. घुं बहुतेक वेळा मिक्सर एका बोर्डावर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर असल्याने येतो. दोन्ही एकाच बोर्डावर आणा. तरी राहिला तर माझी वायर इथेच कामी येते: सिग्नल एका कोरवर, परतीचा दुसऱ्या कोरवर, आणि शिल्ड फक्त मिक्सरकडच्या टोकाला जोडायची. तयार वायरीत बहुधा एकच कोर आणि शिल्डच परतीची, तिथे हे करताच येत नाही. आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका.

आयटीआयमास्तर
अर्थच्या पिनेबाबत शंभर टक्के सहमत. शिल्डचं एक टोक सोडून घुं कमी होईलच असं नाही, घुं आणणारा लूप (दोन यंत्रांच्या अर्थमधून फिरणारा बंद फेरा) परतीच्या कोरमधूनही बनतो. तिथे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लागतो, तो सिग्नल जाऊ देतो पण तारांचा थेट जोड तोडतो.

मंडपसाऊंड
लगनात मी तयारच वायर लावीन, ते काही बदलत नाही. पन घरी पोतंभर तुटलेल्या वायरी पडल्या आहेत. पिना कापून नव्या लावल्या तर चालतीन का?

खंजिरीवाला
काही चालतील. एक तंतू ब्लेडने खरवडा. वरून तांबडा आणि आतून पांढरा निघाला तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. सोल्डर नीट धरत नाही आणि वाकवून लवकर तुटतं, ती भंगारात. वरून पांढरा, आतून तांबडा म्हणजे कथील चढवलेलं तांबं, ती ठेवा. तुटते ती पिनेजवळच, म्हणून दोन्ही टोकांची वीतभर वायर कापून टाका. पोतं घेऊन रविवारी या, आयर्न तापवून ठेवतो.